केसाळ कोळी चावला की माणूस मरतो?

घाटातल्या दरडीत राहणारा हाताएवढा केसाळ कोळी चावला की माणूस दगावतो, म्हणून त्याची बिळं रॉकेल ओतून बुजवा, असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. आकार पाहून भीती वाटणं साहजिकच आहे.

हा टॅरँट्युला. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकाच्या सह्याद्रीतला थ्रिग्मोपोयस त्यातलाच. त्याचं विष किडे लुळे करण्यापुरतं. माणसाला चावला तर ठणका, सूज, कधी पेटके येतात. त्रास वाढला तर डॉक्टर गाठावा. पण टॅरँट्युलाच्या विषाने मृत्यू झाल्याची खात्रीशीर वैद्यकीय नोंद नाही. अंगाला खाज आणणारे केस उडवतात ते उत्तर-दक्षिण अमेरिकेतले टॅरँट्युला, आपल्याकडचे नव्हेत.

तो माणसाच्या अंगावर येतो की पळतो हे पडताळायचं तर रात्री बॅटरी घेऊन ओलसर मातीची दरड लांबूनच बघा. बिळाच्या तोंडाशी रेशमाचं अस्तर, आत पुढचे दोन पाय. जमिनीवर जरा जोरात पाऊल आपटा, कोळी क्षणात आत! बीळ उकरू नका, बोट तर नकोच. पावसात रस्त्यावर दिसतो तो बहुधा मादीच्या शोधातला नर. मादी वर्षानुवर्षं त्याच बिळात राहते, त्यामुळे रस्ता रुंद करताना दरड कापली की तिथली वस्तीच संपते. रॉकेलनेही तेच होतं.