छातीभर पदकं म्हणजे खिरापत?

एखाद्या लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवर पदकांच्या रंगीत पट्ट्यांच्या तीन-चार रांगा दिसल्या की कुणीतरी म्हणतंच, "पदकं काय, मागेल त्याला मिळतात. वर ओळख हवी." हा समज बराच जुना आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचा आहे.

मुळात त्यातल्या बहुतेक पट्ट्या शौर्याच्या नसतातच. आपल्याकडे 9, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेसाठी वेगवेगळी पदकं आहेत. शिवाय ठरावीक भागातल्या तैनातीची, मोहिमांची. अटी पूर्ण झाल्या की ती मिळतात, शिफारस लागत नाही. परमवीर चक्राचं मात्र वेगळं आहे. 1947 पासूनच्या सगळ्या लढायांत मिळून ते 21 जणांना मिळालं, त्यांतल्या 14 जणांना मरणोत्तर.

खिरापत कधी झालीच नाही असं मात्र नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेन राज्याच्या 27व्या रेजिमेंटचे सैनिक मुदत संपल्यावर राजधानीच्या रक्षणासाठी थांबावेत म्हणून त्यांना 'मेडल ऑफ ऑनर'चं, म्हणजे आज तिथलं सर्वोच्च शौर्यपदक असलेल्या पदकाचं, आमिष दाखवलं गेलं. थांबले काही शेच, पदकं निघाली 864! शेवटी 1917 मध्ये फेरतपासणी होऊन एकूण 911 नावं कापली गेली. आता तिथे किमान दोन प्रत्यक्षदर्शींचे शपथेवरचे जबाब लागतात.

आणि राजकारण? ते पदक देण्यापेक्षा नाकारण्यात जास्त ठसठशीत दिसतं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एकाही कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकाला त्या काळात 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं नाही. 1997 मध्ये सात जणांना दिलं, तेव्हा त्यांतले फक्त व्हर्नन बेकर हयात होते.