एक राकू क्योटोचं, दुसरं कॅलिफोर्नियाचं

राकू म्हणजे मातीची भांडी भाजण्याची मूळची जपानी पद्धत. राकू म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य येतं: लालबुंद भांडं लांब चिमट्याने भट्टीबाहेर काढलं, भुशाच्या डब्यात ठेवलं, भपकन जाळ उठला, झाकण दाबलं, मग धूरच धूर. यातला भुसा, डबा आणि धूर हे तिन्ही क्योटोच्या मूळ राकूत नाहीत. तिथे भांडं बाहेर काढतात आणि उघड्या हवेत निवू देतात. धुराचा डबा १९६० नंतरचा आणि अमेरिकेतला. आपल्याकडच्या स्टुडिओंमधल्या राकू कार्यशाळाही बहुतांशी याच अमेरिकी वळणाच्या असतात. चिमटा दोन्हीकडे आहे, पण तो कशासाठी चालवायचा याचं उत्तर वेगळं आहे. माती, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), तापमान आणि शेवटी भांड्याचा वापर, सगळं त्या उत्तरावरून ठरतं.

क्योटोची परंपरा चोजिरो या कारागिरापासून सुरू होते (मृत्यू १५८९). त्याने साल कोरून ठेवलेलं काम आहे १५७४चा एक सिंह, दोन रंगांच्या ग्लेझचा. शिल्प करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वाडगे आले ते चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या आवडीनिवडीतून, १५८०च्या दशकात: चाकावर न फिरवलेले, नक्षी नसलेले, काळे किंवा तांबूस, दोन्ही तळव्यांत मावतील असे. राकू हे नाव त्या वेळचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या जुराकुदाई महालाशी जोडलं जातं आणि पुढे तेच घराण्याचं नाव झालं. आज सोळावी पिढी ‘किचिझाएमोन’ हे वंशपरंपरागत नाव लावून काम करते.

काळा राकू वाडगा असा होतो. मातीची जाड चकती थापायची, कडा तळव्यांनी हळूहळू वर उचलायच्या. जरा सुकून माती घट्ट झाली की पातीने आतून-बाहेरून तासायचं. म्हणून भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते, काठ किंचित वरखाली असतो. ग्लेझ कामो नदीच्या लोहयुक्त दगडाची पूड करून बनवतात. त्याचे एकावर एक बरेच हात द्यायचे, दर हात पूर्ण सुकवून. भट्टी लहान, कोळशाची, भात्याने फुंकायची. मध्ये एका रक्षक भांड्यात एकच वाडगा. सुमारे १२००° सेल्सिअसला ग्लेझ वितळून चकाकू लागलं की वाडगा चिमट्याने उचलून बाहेर. काही क्षणांत पृष्ठभाग गोठतो आणि काळा रंग तिथेच पक्का होतो. हाच वाडगा भट्टीत सावकाश निवू दिला, तर ग्लेझमधल्या लोहाला स्फटिक धरायला वेळ मिळतो आणि काळ्याचा तपकिरी होतो. थोडक्यात, क्योटोत चिमटा रंगासाठी आहे, आणि तो रंग एकदम थंड होण्यातून येतो. कित्येक काळ्या वाडग्यांच्या अंगावर चिमट्याची खूण राहते. ती दोष मानत नाहीत.

तांबडं राकू याहून बऱ्याच कमी तापमानाचं. गेरूसारख्या लोहमातीवर पारदर्शक ग्लेझ. कोळशाची झळ थेट लागते तिथे करडे-काळपट डाग उठतात. इथेच जाणकारही फसतात: डाग धुराचे असले तरी ते भट्टीतच पडलेले असतात.

आता अमेरिका. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी १९११ मध्ये तोक्योत एका राकू मेळाव्यात पहिल्यांदा भांडं रंगवलं. त्यांनी १९४०च्या पुस्तकात दिलेलं वर्णन अमेरिकेतल्या कुंभारांनी वाचलं. पॉल सोल्डनर (१९२१–२०११) यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियात त्या वर्णनावरून भट्टी लावली. भांडी निघाली, पण रंग भडक, कोरे. मग त्यांनी तापलेलं भांडं जवळच पडलेल्या पेपर ट्रीच्या (मिरीसारखी फळं येणाऱ्या झाडाच्या) पाल्यात टाकून धुरावलं. तिथून पुढे जे पसरलं ते हे दुसरं राकू. धुराने माती काळी करणं ही मात्र अमेरिकेची मिरास नव्हे. विदर्भात माहुरझरी, नैकुंड इथल्या महापाषाणयुगीन स्थळांवर काळी-तांबडी भांडी मिळतात, आणि आझमगढजवळच्या निजामाबादची काळी भांडी आजही कोंडलेल्या धुरातच काळी होतात.

अमेरिकी पद्धतीत मातीची परीक्षा फार कडक असते. हजार अंशांवरून हवेत, हवेतून भुशात, कधी भुशातून थेट पाण्यात. त्यामुळे माती खरबरीत हवी: २० ते ३० टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीची भरड), भिंत शक्यतो एकसारखी. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीचं पहिलं भाजणं, ९५० ते १००० अंशांच्या आसपास थांबवायचं. त्यापुढे माती जास्त आवळली की धक्का सोसायची ताकद जाते. पोर्सिलेनच्या बारीक, घट्ट मातीने हे करू नये असं नाही, पण निम्मा माल फुटायची तयारी ठेवावी.

ग्लेझचं सर्वांत प्रचलित मूळ सूत्र ८० भाग गर्स्टली बोरेट (लवकर वितळणारं बोरॉनयुक्त खनिज) आणि २० भाग नेफेलिन सायनाइट (फेल्डस्पारसारखा दगड). बोरेट मिळत नसेल तर बोरॉन फ्रिटवर (वितळवून दळलेल्या काचेवर) बसवलेली सूत्रं वापरतात. मात्र फ्रिट बदललं की चाचणी-चकत्या नव्याने भाजायच्या. ग्लेझ लावल्यावर भांडं पूर्ण कोरडं हवं. ओल राहिली तर वाफ कोंडून तुकडा उडतो, आणि शेजारची भांडीही घेऊन जातो. भट्टीत ठेवायच्या आधी भांडी तापत्या भट्टीच्या झाकणावर तासभर शेकत ठेवणं हा स्वस्त विमा आहे.

भट्टी म्हणजे बहुधा आतून सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारं तंतूंचं अस्तर) लावलेला पत्र्याचा ड्रम आणि एलपीजीचा बर्नर. पहिला फेरा तासभर किंवा थोडा जास्त घेतो, भट्टी तापली की पुढचे लवकर उरकतात. पायरोमीटरवर (भट्टीच्या तापमापकावर) ९५० ते १००० अंश दिसले तरी शेवटचा निर्णय डोळ्याने, झरोक्यातून: आधी ग्लेझ उकळल्यासारखं फुगतं, संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, मग फोड बसून ओलं, सपाट चकाकतं. फोड बसायच्या आत काढलं तर पृष्ठभाग पुळ्यांचा राहतो आणि धूर त्यात शिरून ग्लेझ मळकट करडं होतं.

पुढचा अर्धा मिनिट सगळं ठरवतो. पांढऱ्या ग्लेझवर तड्यांची काळी जाळी हवी असेल तर भांडं हवेत १० ते ३० सेकंद धरायचं. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, टिंग-टिंग आवाज करत तडकतं. मग भुशात ठेवलं की कार्बन त्या चिरांत शिरतो. तांब्याच्या ग्लेझला याच्या अगदी उलट हवं: जितक्या लवकर डब्यात, तितकं बरं. डब्यात प्राणवायू संपतो, ग्लेझमधल्या कॉपर ऑक्साइडचा प्राणवायू ओढला जातो आणि तांबं धातूच्या झळाळीने वर येतं. एकाच भांड्यावर दोन्ही ग्लेझ लावणाऱ्याला यातलं एक सोडावं लागतं. तांबं नुसतं हिरवं निघालं तर आधी डब्याचं झाकण तपासा. हवा आत जात असते; काठावर ओल्या वर्तमानपत्राची किंवा वाळूची गादी दिली की बहुतेकदा काम होतं. भुसा ग्लेझला चिकटला तर भांडं फार वितळलेलं असताना ठेवलं होतं. १५-२० मिनिटं झाकण उघडायचं नाही. घाईने उघडलं तर जाळ पुन्हा पेटतो, कमावलेली झळाळी जाते आणि भुवयाही.

कपडे सुती, लोकरी किंवा चामड्याचे. नायलॉन-पॉलिस्टर अंगाला वितळून चिकटतं. हे सगळं उघड्यावरच करायचं, वारा येतो त्या दिशेकडे पाठ करून आणि तोंडावर रेस्पिरेटर लावून. साध्या कापडी मास्कने धूर अडत नाही.

शिल्पकाराला अमेरिकी राकू जास्त मोहवतं, कारण ग्लेझ न लावलेली माती धुराने गडद, मॅट काळी होते आणि ग्लेझचा भाग उजळ उठून दिसतो. अडचण आकाराची. जाड धड आणि बारीक मान एकत्र आली की मान आधी थंड होते आणि ५७३ अंशांच्या आसपास, मातीतली गार (क्वार्ट्झ) रचना बदलून आकसते तेव्हा, जोडावरच चीर जाते. म्हणून शिल्प पोकळ, भिंत साधारण १ सेंटिमीटर, प्रत्येक बंद पोकळीला भोक. सपाट रुंद तळ टाळावा. कडा निवते, मध्य तापलेला राहतो, तळ दुभंगतो. चिमट्याने धरता येणार नाही असं काम असेल तर उचलता येणारी भट्टी वापरतात: ड्रम वर ओढला की शिल्प जागेवरच, भोवती भुसा टाकून वरून मोठा डबा उपडा घालायचा. त्याहून मोठं काम तुकड्यांत भाजून नंतर जोडलेलं बरं.

हातात भांडं आलं की ओळख पटवायला तळ पाहा. ग्लेझ नसलेली माती काजळीसारखी काळी असेल, किंवा तड्यांत काळी जाळी आणि अंगावर तांब्याची झाक असेल, तर ते दुसरं राकू. चोजिरोच्या काळ्या वाडग्यांवर पायापर्यंत ग्लेझ असतं, झळाळी नसते. घोड्याचे केस जाळून काढलेल्या काळ्या रेषांचं भांडं, किंवा वरचा थर सोलून टाकलेलं ‘नेकेड राकू’, ही दोन्ही अमेरिकी राकूचीच पुढची पोरं; त्यांवर शेवटी ग्लेझ उरतच नाही.

वापराच्या बाबतीत दोघं फारच वेगळी. क्योटोचा वाडगा माचा चहासाठीच घडवलेला. माती सच्छिद्र, त्यामुळे उष्णता हाताला सावकाश लागते. वापरण्याआधी कोमट पाण्यात भिजवतात, नंतर पूर्ण सुकवतात, नाहीतर वास धरतो. अमेरिकी राकूत पाणीही ठेवू नये: माती पाझरते, ग्लेझला तडे असतात, तांबं आंबट पदार्थात उतरू शकतं. फुलं ठेवायची तर आत काचेचा पेला घालावा. तांब्याची झळाळी महिन्या-वर्षांत मंदावत जाते, कारण धातू हवेतला प्राणवायू पुन्हा घेतो. ऊन लागणाऱ्या खिडकीपासून आणि दमटपणापासून लांब, बंद काचेच्या कपाटात ठेवलं तर जास्त टिकते. वरून मेण किंवा सीलर लावला तरी वेग कमी होतो, थांबत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगावं.