वैद्यकीय प्रयोगशाळा प्रशिक्षण (विज्ञान पदवीनंतरचे) : सांगली व सातारा

रुग्णाचे रक्त, लघवी, थुंकी, शौच, पू यांसारख्या नमुन्यांची तपासणी करून डॉक्टरला निदानासाठी आधार देणाऱ्या कामाचे, बी.एस्सी. झाल्यावर घेतले जाणारे व्यावसायिक शिक्षण. कागदोपत्री नाव काहीही असो, सांगली-साताऱ्यात त्याला सरसकट ‘डीएमएलटी’ (डिप्लोमा इन मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी) म्हणतात आणि ते केलेल्याला ‘लॅबवाला’ किंवा ‘टेक्निशियन’. पदवीनंतरची पदविका बहुतेक ठिकाणी एक वर्षाची असते. बारावीनंतरचे पदवी अभ्यासक्रम वेगळे. त्यांपैकी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी) हा तीन वर्षे आणि वर ‘इंटर्नशिप’ असा आहे.

या कामाला हा प्रदेश मुळातच पोषक आहे. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय आले. आज त्या महाविद्यालयाला मिरजेचे रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय जोडलेले आहे. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे बेळगाव-विजयपूरकडचे रुग्ण इथे उतरतात. स्टेशनपासून दवाखान्यांच्या गल्लीत शिरले की डॉक्टरांच्या पाट्यांइतक्याच लॅबच्या पाट्या दिसतात. सातारा जिल्ह्यात हे स्थान कराडला आहे. तिथे १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय जुने, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र अगदी अलीकडचे. प्रवेशासाठी येणारी मुले-मुली सांगलीचे विलिंग्डन, कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांसारख्या महाविद्यालयांतून आणि तालुक्याच्या गावांतून येतात.

पदवीचा विषय आणि त्याचा उपयोग

सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्यांचा हात आधीच बसलेला असतो. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून ओळखणे), जंतू वाढवायच्या प्लेट ओतणे, ते उचलायची तारेची लूप तापवणे हे त्यांनी तीन वर्षे केलेले असते. रसायनशास्त्रवाल्यांना बायोकेमिस्ट्रीचा अॅनालायझर लवकर कळतो, कारण रंगाच्या गडदपणावरून पदार्थाचे प्रमाण काढण्याचे तत्त्व त्यांना ठाऊक असते. प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना सूक्ष्मदर्शकाची सवय असते. तिघांनाही नसते ती एकच गोष्ट : समोर बसलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या शिरेत सुई घालण्याची सवय. पदवीच्या प्रयोगशाळेत उत्तर चुकले तर गुण जातात. इथे चुकले तर भलत्यालाच औषध सुरू होते.

अभ्यासक्रमात रक्तशास्त्र, चिकित्सा रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सीरॉलॉजी (सीरममधली प्रतिद्रव्ये तपासणे), रक्तपेढीचे काम, ऊतींचे काप करण्याची ओळख आणि जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट हे विषय येतात. नावे पाठ करायला सोपी आहेत. खरे शिक्षण नमुना हातात आल्यापासून सुरू होते आणि बहुतेक संस्थांत त्यालाच सर्वांत कमी तास दिले जातात, ही तक्रार रास्त आहे.

नमुना

प्रयोगशाळेच्या भाषेत रक्ताच्या नळीला ‘बल्ब’ म्हणतात. जांभळ्या झाकणाचा ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) बल्ब सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब साखरेसाठी, फिक्या निळ्या झाकणाचा सायट्रेट बल्ब रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी, लाल किंवा पिवळ्या झाकणाचा सीरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवासाठी. नवशिक्याला वाटते की रंग पाठ केले की झाले. पण प्रत्येक रंगामागे कारण आहे. साध्या बल्बमध्ये ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. जत किंवा माणच्या एखाद्या वाडीवर सकाळी काढलेले रक्त दुपारी शहरात पोचत असेल, तर पेशींचे हे खाणे थांबवणाऱ्या फ्लोराइडशिवाय त्या साखरेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. सायट्रेट बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव हे प्रमाण ठरलेले आहे. बल्ब अर्धाच भरला तर रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो.

बल्ब भरण्याचा क्रमही ठरलेला आहे : कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) असेल तर ते आधी, मग निळा, मग सीरमचा, मग जांभळा, शेवटी राखाडी. जांभळ्यातला ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असतो. त्याचा अंश सीरमच्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले येते. रुग्ण ठणठणीत, पण रिपोर्ट पाहून डॉक्टर हृदयाच्या काळजीने ईसीजी काढायला धावतो. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये, सिरिंजने जोर लावून ओढू नये, बल्ब खळाखळा हलवू नये. नाहीतर तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर होते आणि पोटॅशियम पुन्हा वर जाते. असा ‘हिमोलाइज’ नमुना मशीनला लावायचा नसतो, परत मागवायचा असतो.

हे परत मागवणे, म्हणजे नमुना नाकारणे, हेच या प्रशिक्षणातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. नातेवाईक वैतागतात, कलेक्शन सेंटरचा (नमुने गोळा करून पाठवणाऱ्या केंद्राचा) मुलगा कुरकुरतो, मालकाला गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते. नावाचे लेबल नसलेला बल्ब ‘तो पाटलांचाच असणार’ म्हणून लावून टाकण्याचा मोह होतो. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात मशीनजवळ फिरकू देत नाही. त्याला नमुने स्वीकारायच्या खिडकीवर बसवतो.

काच आणि मशीन

पावसाळा सरत आला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि घराघरांत ‘प्लेटलेट किती?’ हाच प्रश्न असतो. सेल काउंटरने (पेशी मोजणाऱ्या मशीनने) ४० हजार दाखवले की घरचे लोक थेट सांगलीला निघायच्या तयारीत. इथे प्रशिक्षित माणसाचा उपयोग दिसतो. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, करायचा. काचपट्टीच्या टोकाजवळ रक्ताचा लहान थेंब, दुसरी पट्टी तिरकी टेकवून थेंब कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे ओढायचे. जिभेच्या आकाराचा, टोकाला विरळ होत गेलेला थर आला पाहिजे. हात थांबला तर आडवे पट्टे पडतात. वाळल्यावर लिशमन स्टेन (पेशी रंगवणारा द्रव), एक-दोन मिनिटांनी त्यावर दुप्पट बफर पाणी, आठ-दहा मिनिटे थांबून धुवायचे. तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतील त्या भागात मोजणी करायची, कडेला गठ्ठे शोधायचे. गठ्ठे सापडले तर सायट्रेट बल्बमध्ये नव्याने रक्त घेऊन लगेच मोजायचे आणि त्या द्रवाने झालेली सौम्यता भरून काढायला आकड्याला १.१ ने गुणायचे. खऱ्या डेंग्यूत प्लेटलेट खरोखरच कमी असतात, तेव्हा हीच काच तो आकडा पक्का करते.

क्षयासाठी थुंकीची स्लाइड, हिवतापासाठी जाड व पातळ स्मिअर ही सरकारी कामातली नेहमीची शिदोरी. सीबीनॅट, ट्रूनॅट आल्यापासून क्षयाच्या तपासणीत जनुकीय पद्धती रुळल्या आहेत, तरी स्लाइड वाचणे सुटलेले नाही. सांगली जिल्ह्यात एचआयव्हीचे प्रमाण एकेकाळी बरेच होते, त्यामुळे समुपदेशन व चाचणी केंद्रांत काम केलेले तंत्रज्ञ इथे पुष्कळ भेटतात. पहिल्या किटवर नमुना पॉझिटिव्ह आला की वेगळ्या तत्त्वाच्या आणखी दोन किटांवर तो तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही शिस्त तिथे अंगवळणी पडते. मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात (आताच्या ईश्वरपुरात) कोरोनाचे रुग्ण सापडले, त्या वेळी नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जात. नंतर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआरची सोय झाली.

मशीन मोठे असेल तर काम कमी, हा समज खोटा आहे. रोज सकाळी रुग्णाचे नमुने लावण्याआधी ‘क्यूसी’ लावायचा, म्हणजे ठाऊक मूल्याचा द्रव तपासून पाहायचा. त्याचे आकडे लेव्ही-जेनिंग्स आलेखावर टिपतात. सरासरीपासून तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर एक जरी ठिपका गेला किंवा लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन एसडीपलीकडे गेले, तर रिपोर्ट थांबवायचे. अनेक लहान लॅबमध्ये हा आलेख तपासणीचे पथक येणार असले की एका रात्रीत भरला जातो, हे या धंद्यातल्या कुणालाही नवे नाही.

मान्यता आणि कायदा

प्रवेश घेण्याआधी पालकांनी फी विचारण्यापूर्वी मान्यता विचारावी. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणाऱ्या, परराज्यातल्या विद्यापीठाचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत. तिथे शिकलेल्याला नोकरीच्या वेळी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी मागितली की घोटाळा कळतो. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात ‘संलग्न आरोग्य व्यावसायिका’च्या पदविकेसाठी किंवा पदवीसाठी किमान २,००० तास दोन ते चार वर्षांत आणि ‘आरोग्यसेवा व्यावसायिका’च्या पदवीसाठी किमान ३,६०० तास तीन ते सहा वर्षांत अशी अट आहे. पदवीनंतरची एक वर्षाची पदविका या चौकटीत कशी मोजली जाणार, हे संस्थेकडून लेखी घेतलेले बरे.

दुसरा प्रश्न सहीचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालेल. स्वतःची लॅब काढायची म्हणून डीएमएलटी करणाऱ्यांचे गणित यामुळे बदलले. आटपाडी, खटावसारख्या तालुक्यांत पॅथॉलॉजिस्ट सहज मिळत नाही. त्यामुळे तिथले बरेच तंत्रज्ञ मोठ्या लॅबचे कलेक्शन सेंटर चालवतात.

सुरक्षितता

हिपॅटायटिस बीची लस प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच घ्यावी : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत. सुई टोचलीच तर जागा पाण्या-साबणाने धुऊन ताबडतोब कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितके लवकर तितके उपयोगी आणि ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. लाजेने किंवा मालकाच्या भीतीने गप्प बसणारी मुले आजही आहेत.

नोकरी व पुढचे शिक्षण

खासगी रुग्णालये, साखळी लॅब, रक्त केंद्रे (रक्तपेढ्या), रीएजंट (तपासणीची रसायने) व मशीन विकणाऱ्या कंपन्या आणि सरकारी दवाखाने हे नोकरीचे मार्ग आहेत. राज्याच्या आरोग्य विभागात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदासाठी विज्ञान पदवी आणि डीएमएलटी दोन्ही लागतात. बारावीनंतर थेट पदविका घेतलेल्यांपेक्षा बी.एस्सी. झालेल्यांना इथे वाव आहे. सरकारी भरती नियमित नसते, म्हणून बहुतेक जण आधी खासगीत लागतात. सुरुवातीचा पगार पदवीधराला शोभेल असा क्वचितच असतो आणि रात्रपाळी जवळजवळ ठरलेली. रक्त केंद्रात तंत्रज्ञ व्हायला औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार पदविकाधारकाला रक्त तपासणीचा एक वर्षाचा अनुभव लागतो, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी असलेल्याला सहा महिन्यांचा. त्यामुळे अनुभवाचे पत्र देणारी पहिली नोकरी निवडताना पगारापेक्षा लॅबमधल्या कामाचा आवाका पाहण्याचा सल्ला जुने तंत्रज्ञ देतात. पुढे शिकायचे असल्यास वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानात एम.एस्सी. करता येते. ती केलेल्यांना मोठ्या रुग्णालयांत गुणवत्तेचे काम किंवा शिकवण्याची संधी मिळते.