पुण्याचे सभागृह आणि दिल्लीचे विषय

महापालिकेच्या मुख्य सभेत पाणी, कचरा आणि खड्डे बाजूला ठेवून कोणी केंद्राच्या धोरणावर बोलू लागले, की ‘हा विषय आपल्या अखत्यारीतला नाही’ असा आक्षेप हमखास येतो. आक्षेप कायद्याला धरून असतो. मात्र पुण्याच्या नगरसभेचा इतिहास पाहिला, तर देशाचे प्रश्न येथे बहुतेक वेळा खर्चाच्या मंजुरीच्या वाटेने आत आलेले दिसतात आणि त्यांना अखत्यारीचे कारण देऊन बाहेर ठेवणे कोणालाच जमलेले नाही.

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे सुचवले. विषय शहराच्या सजावटीचा होता, पण प्रश्न साम्राज्याच्या थाटाचा भार करदात्याने का उचलावा, हा होता. १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांबद्दलही त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार मांडली. तिचा रोख पर्यायाने सरकारच्या अबकारी उत्पन्नावर होता. मंडईच्या इमारतीवरील खर्चही त्यांना मान्य नव्हता. १८८६ मध्ये उभी राहिलेली ती इमारत गव्हर्नर रे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचेच नाव मिळाले, ही इतिहासाची गंमत आजच्या भाजीखरेदीच्या गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला आणि नगरपालिकांमध्ये निवडून आलेल्या सदस्यांचे प्रमाण वाढू लागले. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले, तर गोपाळ कृष्ण गोखले पुढे तिचे अध्यक्ष झाले. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१८ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने मात्र नगरपालिकांना आपापल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली आणि दिल्ली-कलकत्त्यात अडलेला प्रश्न पुण्याच्या जमाखर्चात उतरला. पैसा अपुरा असल्याने सक्ती आधी मुलग्यांपुरती ठेवावी, असा टिळकपक्षीयांचा आग्रह होता. मुलींना वगळू नये यासाठी १९२० मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी चळवळ केली. पैशाची अडचण खरी असेलही, पण ती नेमकी मुलींच्याच वाट्याला का यावी, याचे समाधानकारक उत्तर त्या वादात सापडत नाही.

पुतळ्यांचा वादही याच प्रकारचा होता. मंडईजवळील टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण जुलै १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी नगरपालिकेचे सदस्य केशवराव जेधे यांनी फुल्यांच्या पुतळ्याची मागणी केली, तेव्हा ती मंजूर झाली नाही आणि ब्राह्मणेतर चळवळीतला संघर्ष पुण्यात अधिक तीव्र झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानुसार, १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका अस्तित्वात आली. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नमूद झाले. विषय मिळाले, पण पैसा मात्र वरूनच येत राहिला. २००५ च्या अखेरीस सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी हवा, तर देखभालीचा खर्च वसूल होईल असे पाणीपट्टीचे दर लावावेत, अशी अपेक्षा त्यासोबत येत असे; म्हणजे नळाच्या पाण्याचे मोल हा प्रभागातला विषय केंद्राच्या अटींशी बांधला गेला. जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद झाली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला आणि २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिली. स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा हुकमी स्रोत गमावलेल्या सभागृहाने केंद्राच्या करधोरणावर बोलू नये, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटते.

स्मार्ट सिटीच्या वेळी हा ताण उघड झाला. या योजनेसाठी महापालिका आणि राज्य यांच्या समान भागीदारीची स्वतंत्र कंपनी स्थापन करायची होती, आणि तिचे निर्णय मुख्य सभेला वळसा घालून होतील, ही नगरसेवकांची हरकत निराधार नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये हा प्रस्ताव आधी लांबणीवर टाकला गेला आणि नंतर मंजूर झाला.

६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पुणे मेट्रोचे उद्घाटन आणि मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्यानंतर आठ दिवसांनी सभागृहाची मुदत संपली. पुढे जवळपास चार वर्षे, म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, प्रशासकच अंदाजपत्रक मांडत आणि प्रशासकच ते मंजूर करत होते. याच काळात मुळा-मुठा शुद्धीकरणाच्या ११ मैलापाणी प्रकल्पांचे कामही नगरसेवकांविना चालू राहिले; त्यासाठी केंद्राने जपानकडून कर्ज घेतले असून खर्चातील १५ टक्के वाटा महापालिकेचा आहे.