परदेशात स्वयंसेवेला निघताय? तिकीट सगळ्यात शेवटी काढा

“मी पगार घेणारच नाही, मग पर्यटक व्हिसावर गेलं तर काय बिघडलं?” परदेशातली स्वयंसेवा जुळवून देताना हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो.

बिघडतं ते विमानतळावर. अनेक देशांच्या कायद्यात पगार मिळतो की नाही, यावर काम ठरत नाही. ज्या कामासाठी तिथल्या माणसाला मोबदला मिळाला असता, ते तुम्ही फुकट केलंत तरी कामच. शाळेत शिकवणं, दवाखान्यात हाताशी राहणं, भिंत बांधणं, सगळं यात येतं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त दिवस स्वयंसेवा करायची तर धर्मादाय कामाचा वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेत मान्यताप्राप्त संस्थेच्या स्वयंसेवेसाठी बी-१ हा कामकाजाच्या भेटीचा व्हिसा चालतो, निव्वळ पर्यटनाचा बी-२ नाही. देश बदलला की नियम बदलतो, म्हणून मित्राचा अनुभव तुमच्या उपयोगी पडेलच असं नाही.

तरीही बहुतेक जण आधी तिकीट काढतात. रजा मंजूर होते, घरी निरोपाचं जेवण होतं आणि मग आम्हाला फोन येतो. तोवर प्रवास आठवड्यावर आलेला असतो. तारखा बदलायला पैसे जातात, संस्थेने धरलेली जागा सुटते, आणि तुमच्याइतकंच आम्हालाही वाईट वाटतं.

सुरुवात तिथल्या संस्थेच्या निमंत्रणपत्रापासून करा. पत्रात संस्थेचा नोंदणी क्रमांक, तुमचं नेमकं काम, तारखा, राहण्याचा खर्च कोणाकडे आणि जबाबदार व्यक्तीची सही हवी. “आमच्या प्रकल्पात सहभागी व्हा” एवढ्या एका ओळीवर दूतावास समाधानी होत नाही. पत्र तपासण्याचे पैसे आम्ही का घेतो, असं काही जण विचारतात. कारण खरं काम तिथेच असतं. आम्ही संस्थेशी स्वतः बोलतो, पत्र कच्चं असेल तर परत पाठवतो, कधी दोनदा.

किमान तीन महिने आधी या, असं म्हणतो तेही यासाठीच. मुलांसोबत काम असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला बहुधा मागतातच, आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, हेही लागू शकतं. १९६१ च्या हेग करारात नसलेल्या देशासाठी अपोस्टिल चालत नाही, तिथे दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेतल्यावर दाखला दहाव्या दिवसापासून वैध होतो. हेपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, तेव्हा डॉक्टरांना त्याहून आधी भेटा. पासपोर्टची मुदतही पाहा. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात.

अनाथाश्रमातली थोड्या दिवसांची स्वयंसेवा आम्ही जुळवून देत नाही. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील हयात असलेली मुलंही अशा ठिकाणी आणून ठेवली जातात, हे युनिसेफने वारंवार सांगितलं आहे. जीव लावून दोन आठवड्यांत निघून जाणारी माणसं त्या मुलांना नकोत. याऐवजी शिक्षकांना मदत, पाणीपुरवठा, झाडं लावणं अशी कामं आम्ही सुचवतो, आणि ती करून आलेले लोक पुन्हा आमच्याचकडे येतात.

येताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि निमंत्रणपत्र आणा. पत्र आलं नसेल तरी या, संस्थेला पाठवायचा नमुना आमच्याकडे तयार आहे.