प्रादेशिक योजनेवर उद्योजकांनी हरकत-सूचना कशी नोंदवावी : पात्रता, कागदपत्रे, सुनावणी

कारखाना कुठे चालेल, कामगारांची घरे कुठे होतील, मालाचा ट्रक कोणत्या रस्त्याने जाईल, हे पुढच्या वीसेक वर्षांसाठी प्रादेशिक योजनेच्या नकाशावर ठरते. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९ मध्ये. २०१६ ते २०३६ साठीचे प्रारूप, म्हणजे मसुदा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मंजुरीला २०२१ उजाडले. एवढ्या काळात लहान उद्योजकाला कायद्याने बोलायची खरी संधी एकदाच मिळते, प्रारूपावरच्या हरकती मागवतात तेव्हा.

हरकत कोणाच्या दारी?

हे आधी ठरवा, कारण चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज फिरत राहतो आणि मुदत संपते. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतल्या जमिनीला तिथली विकास योजना लागू असते, हद्दीबाहेरच्या गावांना सहसा प्रादेशिक योजना. एमआयडीसीच्या अधिसूचित क्षेत्रात एमआयडीसी हीच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. मात्र वसाहतीच्या फाटकाबाहेरचा रस्ता आणि कामगारांची घरे बहुधा दुसऱ्याच यंत्रणेच्या नकाशात असतात, त्यामुळे एमआयडीसीतल्या उद्योजकांनीही बाहेरचे प्रारूप पाहायलाच हवे. शंका असेल तर जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयात गाव आणि गट क्रमांक सांगून विचारा.

पात्रता आणि मुदत

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकत कोणीही घेऊ शकतो. जमीन नावावर असण्याची अट नाही. भाडेकरू, वाहतूकदार, व्यापारी संघ, गृहनिर्माण संस्था सगळ्यांना दार उघडे आहे. प्रादेशिक योजनेसाठी कलम १६ प्रमाणे राजपत्रातल्या नोटिशीपासून किमान चार महिने मिळतात. विकास योजनेची मुदत यापेक्षा बरीच कमी असते, म्हणून नोटिशीतली शेवटची तारीख वाचून लिहून ठेवा.

प्रारूप म्हणजे कच्चाच कागद, असे समजून गप्प बसू नका. कलम १८ नुसार प्रारूपाची नोटीस निघाली की परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. शेडमधून प्रस्तावित रस्ता गेला असेल तर वाढीव बांधकामाची परवानगी तिथेच अडकते.

कागदपत्रे

कायद्याने ठराविक यादी दिलेली नाही, पण सुनावणीत पुढील कागद कामी येतात : चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, प्रारूप नकाशाचा आपल्या गटापुरता भाग. जुना उद्योग असेल तर बिनशेती आदेश, कारखाना परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणि उद्यम नोंदणीही जोडा. वापर आधीपासून चालू आहे हे याच कागदांवरून दिसते. संघटनेच्या वतीने अर्ज असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, ठराव आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र लागेल.

अर्जात काय लिहायचे

बहुतेक औद्योगिक संघटना इथे घसरतात. ‘उद्योगांना चालना मिळावी, घरे परवडणारी असावीत, वाहतूक सुधारावी’ अशा निवेदनावर समिती काहीच करू शकत नाही, कारण नकाशावर चालनेचा रंग नसतो. गाव, गट क्रमांक, प्रारूपातला प्रस्ताव, तुमचा पर्याय आणि कारण, एवढेच लिहा. भिवंडीभोवतीच्या गोदामवाल्यांचेच पाहा. ‘रस्ते रुंद करा’ म्हणण्यापेक्षा अमुक गटापासून अमुक गटापर्यंतचा रस्ता किती मीटरचा हवा, दिवसाला किती अवजड गाड्या जातात आणि त्या सध्या गावातल्या शाळेसमोरून कशा जातात, हे नकाशावर लाल रेघ मारून दाखवले तर अधिकाऱ्याला त्यावर निर्णय देता येतो. घरांचेही तसेच. कामगार कुठून येतात, जायला-यायला किती वेळ लागतो, कोणत्या गटांत निवासी झोन हवा, हे आकड्यांनी सांगा. प्रत्येक मुद्द्याला वेगळा अर्ज करा. एकाच पत्रात दहा मागण्या कोंबल्या की त्यातल्या नऊ हरवतात.

झोनबदल मागण्याआधी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे कोणत्या झोनमध्ये काय बांधता येते याचे शासनाचे नियम, चाळा. शेती झोनमध्ये शेतमाल प्रक्रिया, गोदामे अशा काही वापरांना अटींसह परवानगी आहे. कित्येकदा झोनबदलाची गरजच नसते.

अर्ज आवक करून शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्या. ऑनलाइन भरला तर पावती छापून ठेवा.

सुनावणी आणि पुढे

प्रादेशिक योजनेत नियोजन समिती अर्जदारांना बोलावून योजना तयार करणाऱ्या प्रादेशिक नियोजन मंडळाला अहवाल देते. विकास योजनेत कलम २८ ची समिती ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेल्या व्यक्ती असतात. एकसारख्या छापील अर्जांची सुनावणी एकत्र होऊ शकते आणि वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. नकाशा टेबलावर उलगडा, भाषण टाळा.

अंतिम मंजुरी राज्य सरकारची. विकास योजनेत शासनाने मोठे फेरबदल सुचवले तर कलम ३१ खाली तेवढ्या भागावर पुन्हा एक महिन्याची नोटीस निघते. आधी बाजूने लागलेला निकाल इथे फिरू शकतो, म्हणून राजपत्र पाहत राहा. मंजुरीनंतर उरतात ते विकास योजनेत कलम ३७ चा किरकोळ फेरबदल आणि प्रादेशिक योजनेत कलम २० चा बदल. दोन्हींत पुन्हा जाहीर नोटीस, पुन्हा हरकती, आणि शेवटचा शब्द मंत्रालयाचाच.