फ्लेक-एटचं सिलेक्ट म्हणजे पायलिंटचं एनेबल नव्हे

फ्लेक-एट, म्हणजे पायथन कोडमधल्या चुका दाखवणारा प्रोग्राम, तुम्ही रोज वापरता, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. कोणते नियम तपासायचे ते सांगणाऱ्या सिलेक्ट या सेटिंगला एफ४०१ हा नियमाचा नंबर दिला की न वापरलेले इम्पोर्ट तेवढे दाखवतो, बाकी सगळं गप्प. आता हीच सवय घेऊन माणूस पायलिंट या तशाच दुसऱ्या प्रोग्रामकडे जातो, एनेबल=अनयूज्ड-इम्पोर्ट देतो, आणि स्क्रीनभर डॉकस्ट्रिंग (कोडमधली माहितीची टीप) नाही, नाव नियमात बसत नाही, ओळ १०० अक्षरांच्या वर गेली असला पसारा येतो. मग म्हणतो, पायलिंट ऐकतच नाही. पर्वरीच्या आमच्या ऑफिसात हे इतक्यांदा समजावून झालंय की आता लिहूनच टाकतो.

पायलिंटमध्ये एनेबल म्हणजे "फक्त हे" नाही हो, "हे पण". आणि अनयूज्ड-इम्पोर्ट तर आधीपासूनच चालू असतं, म्हणजे तुमच्या त्या एका शब्दाने काहीच बदललं नाही. फिश थाळी मागवून वर "इसवण पण द्या" म्हटलं तर हुमण, किसमूर, सोलकडी येणारच, ते थाळीतच आहे. नुसती इसवण हवी असेल तर थाळी सांगायचीच नाही. तसं आधी डिसेबल=ऑल, मग एनेबल=अनयूज्ड-इम्पोर्ट, आणि याच क्रमाने लिहा. पायलिंटच्या स्वतःच्या हेल्पमध्येही एकच तपासणी चालवायची तर असंच करा म्हणून दिलंय, पण ती कोणी उघडतच नाही.

इथवर कळलं तरी पुढे अक्षरं घात करतात. गेल्या पावसाळ्यात टीममधल्या एकाने डिसेबल=ऑल बरोबर दिलं, पुढे एनेबल=एफ लिहिलं, कारण फ्लेक-एटमध्ये एफ म्हणजे पायफ्लेक्सचे (फ्लेक-एटच्या आतल्या एका तपासणीसाचे) सगळे नियम, खऱ्या चुका पकडणारे. पायलिंटमध्ये एफ म्हणजे फेटल, पायलिंटला स्वतःला पुढे जाताच येत नाही तेव्हाचा मेसेज. दोन दिवस सगळं स्वच्छ दिसलं आणि तिसऱ्या दिवशी बिलाच्या फाइलमध्ये नेमएरर, म्हणजे असं नावच नाही म्हणून प्रोग्राम बंद, व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलेलं. फ्लेक-एटने ते एफ८२१ म्हणून पकडलं असतं, पायलिंटमध्ये त्याचा नंबर ई०६०२. म्हणून माझ्या टीममध्ये पायलिंटच्या कॉन्फिगमध्ये नंबर चालत नाहीत, पूर्ण नाव लिहायचं, अनडिफाइन्ड-व्हेरिएबल, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि एकच तपासणी चालवून पायलिंटने दिलेल्या १०.००/१० मार्कांचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, प्लीज. तो मार्क चालू असलेल्या तपासण्यांपुरताच असतो, बाकीच्या फाइलबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

ओळींची लांबी किती, आउटपुट कसा दिसतो, हे फरक किरकोळ, दोन मिनिटांत सेट होतात.

फ्लेक-एटवाल्यांसाठी मात्र एक गोष्ट, कारण सिलेक्ट जसं आधीची यादी पुसून नवीन लावतं तसंच इग्नोर, म्हणजे कोणते नियम सोडायचे ते सांगणारं सेटिंगही करतं. लांब ओळींची कटकट नको म्हणून इग्नोर=ई५०१ लिहिलं की आधीपासून दुर्लक्षित असलेले डब्ल्यू५०३ आणि डब्ल्यू५०४ दोन्ही जागे होतात. एक म्हणतो ऑपरेटरच्या आधी ओळ तोडू नका, दुसरा म्हणतो नंतर तोडू नका, मग माणसाने तोडायची कुठे? तिथे एक्सटेंड-इग्नोर=ई५०१ लिहा, जुनी यादी तशीच राहते.